रस्त्याचं जुनं नाव कसं शोधायचं: आमच्या हॉर्नबी रोडच्या घोळावरून शिकलेलं

आमच्याकडे हे सगळं एका पोस्टकार्डावरून सुरू झालं. आजोबा फोर्टात एका ऑफिसात कारकून होते एवढंच घरात माहिती होतं, ऑफिस नेमकं कुठं होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मग माळा आवरताना एका पत्र्याच्या डब्यात १९४७ चं एक कार्ड सापडलं, गावाहून त्यांच्या भावानं ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलेलं. पत्ता मोडीच्या वळणाच्या देवनागरीत, बिल्डिंगचं नाव शाईत विरघळलेलं, नंबर २११ किंवा २१९ (जुन्या हातात १ आणि ९ सारखेच दिसतात, ज्यांनी जुने कागद चाळलेत त्यांना कळेल), आणि पुढे "हॉर्नबी रो., मुंबई नं. १". फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला आणि धाकटे काका लगेच म्हणाले हॉर्नबी म्हणजे हाजी अलीकडचं, वेलार्ड. झालं, आम्ही दोन आठवडे हाजी अलीच्या आसपास नकाशावर शोधत बसलो.

त्या दोन आठवड्यांत आणि नंतरच्या वर्षभरात जे समजलं ते इथं लिहितोय. उदाहरण मुंबईचं आहे पण पद्धत पुणे नाशिक कोल्हापूर कुठंही चालेल. मला विचाराल तर एकच गोष्ट पक्की धरा, नावाच्या मागे धावू नका, जागा धरा. नाव सरकतं, तुटतं, दुसऱ्या रस्त्याला जाऊन चिकटतं, एकाच वेळी दोन नावं चालू असतात. जागा मात्र तिथंच असते. म्हणून गुगलवर "हॉर्नबी रोड" टाकून बसण्याआधी हातात काय आहे ते बघा.

सगळ्यात आधी घरातलेच कागद काढा. पोस्टकार्डं, लग्नपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जुनी लाईटबिलं, भाडेपावत्या, विम्याचे कागद. पत्रिका तर सोनं आहेत कारण त्यात तारीखही असते आणि "स्थळ" म्हणून पाहुण्यांना कळेल असाच पत्ता दिलेला असतो, म्हणजे लोक तेव्हा खरोखर जे म्हणत होते तेच नाव. सरकारी कागदावर नवं नाव आधी येतं आणि पत्रिकेवर शेवटी, हे आमच्या डब्यात स्पष्ट दिसलं. १९६८ च्या एका पावतीवर छापलेलं होतं "डॉ. डी. एन. रोड (हॉर्नबी रोड)", म्हणजे पाटी बदलली तरी दुकानदाराला कंसाशिवाय धीर नव्हता.

तारीख नसेल तर पत्त्यावरूनच काळ काढता येतो, आणि हे फार मजेशीर काम आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी मुंबईत नुसते झोन नंबर होते, "मुंबई नं. ४" म्हणजे गिरगाव, तेच पुढे ४००००४ झालं, आणि "मुंबई नं. १" चं ४००००१. तेव्हा सहा आकडी पिन दिसला की कागद १९७२ नंतरचा. (उलटं मात्र धरू नका, आमची आत्या १९८५ पर्यंत "मुंबई ४" च लिहायची.) तिकीट आण्याचं असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, "नये पैसे" असतील तर १९५७ ते ६४ च्या मधलं. पत्त्यात "मुंबई इलाखा" असेल तर अजून मागं जा. पोस्टाचा शिक्का भिंगातून बघा, तो पुसट असला तरी मोबाईलच्या कॅमेऱ्यात कॉन्ट्रास्ट वाढवला की निम्म्या वेळा वर्ष उमटतं.

मग माणसं. इथं सगळे एक चूक करतात, आम्हीही केली. आजीला विचारलं "त्या रस्त्याचं जुनं नाव काय होतं गं?" ती म्हणाली मला काय माहीत बाई. बरोबर आहे, तिच्यासाठी ते जुनं नाव नव्हतंच, नुसतं नाव होतं. नंतर प्रश्न बदलला: आजोबा घरून कसे जायचे, ट्राम कुठं सोडायचे, टॅक्सी केलीच तर ड्रायव्हरला काय सांगायचे, जेवणाचा डबा कुठं यायचा. तर ती धडाधडा बोलायला लागली. "बोरीबंदरला उतरायचे, आणि तिथनं कमानीखालून कमानीखालून जायचे, पावसाळ्यात छत्री उघडावी लागत नसे म्हणून त्यांना ते ऑफिस आवडायचं."

तिथंच काकांचं वेलार्ड पडलं. कारण कमानी.

आता हॉर्नबीचं थोडं सांगतो म्हणजे पुढचं लागेल. विल्यम हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर. त्याच्या नावावर मुंबईत दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक हॉर्नबी वेलार्ड, म्हणजे महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खाडीचं तोंड बंद करणारा बांध, वेलार्ड हा शब्द पोर्तुगीज "वलादो" वरून आलाय, कुंपण किंवा बांध. आज तो लाला लजपतराय मार्ग आहे. आणि दुसरा हॉर्नबी रो, फोर्टाच्या आतली घरांची रांग, जिचा पुढे हॉर्नबी रोड झाला. फोर्ट म्हणजे खरोखरचा किल्ला होता, मराठीत आपण त्याला कोटच म्हणायचो, त्याला तटबंदी आणि तीन दरवाजे, अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट. १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहरात पैसा खेळत होता, तेव्हा ही तटबंदी पाडली. रस्ता रुंद करायला जागा मिळाली, आणि पुढच्या तीसचाळीस वर्षांत दोन्ही बाजूंना मोठमोठ्या इमारती आल्या. १८९६ च्या सरकारी नियमानं या रस्त्यावरच्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग रस्ता ठेवावा लागला. प्रत्येक इमारतीची स्टाईल वेगळी पण खालून चालताना तुम्ही कमानींमधून कमानींमधे जाता. आजोबांची छत्री न उघडण्याची सोय म्हणजे हा १८९६ चा नियम. वेलार्डवर समुद्राचा वारा खात छत्री उलटीच झाली असती.

स्वातंत्र्यानंतर या रस्त्याला दादाभाई नौरोजींचं नाव दिलं. दादाभाई १८९२ ला सेंट्रल फिन्सबरीमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले, तीनदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले, त्यांचा पुतळा याच रस्त्याच्या फाउंटनकडच्या टोकाला आहे. हे टोकही बघण्यासारखं आहे. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, जिथं चर्च गेट होतं त्या जागी उभं केलेलं. दरवाजा पाडला पण नाव स्टेशनाला गेलं, आणि त्या दरवाज्याला नाव मिळालं होतं आतल्या सेंट थॉमस चर्चवरून, जे १७१८ चं आहे. म्हणजे आज तुम्ही विरारहून "चर्चगेट फास्ट" पकडता तेव्हा दीडशे वर्षांपूर्वी पाडलेल्या दरवाज्याकडे निघालेले असता. फाउंटनचा चौक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर हुतात्मा चौक झाला, २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार तिथलाच. दुसऱ्या टोकाला क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. मधे व्ही. टी., जे १९९६ ला छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ ला त्यात महाराज आलं, आणि आमची आजी ते बोरीबंदरच म्हणते. जेमतेम एका मैलाचा रस्ता, आणि त्यावरच्या प्रत्येक खुणेला दोन किंवा तीन नावं. म्हणूनच म्हटलं, जागा धरा.

जागा धरायची कशी? पहिलं साधन जुना नकाशा. मुंबईसाठी लॉटनचा सर्व्हे आहे, १८६५ ते ७२ मधे केलेला, अगदी घराघराच्या रेषा दाखवणारा. त्यानंतरचा लहान पण पटकन मिळणारा नकाशा म्हणजे १९०९ च्या इम्पीरियल गॅझेटियरच्या अ‍ॅटलासमधला, तो स्कॅन करून नेटवर टाकलेला आहे. शिवाय जुन्या प्रवासी गाइडबुकांतले घडीचे नकाशे. नकाशा मिळाला की लगेच रस्त्याचं नाव शोधायला जाऊ नका. आधी तीन अशा जागा शोधा ज्या तेव्हाही होत्या आणि आताही तिथंच आहेत. रेल्वेचं स्टेशन, चर्च किंवा देऊळ, मैदानाचा कोपरा. आम्ही व्ही. टी., क्रॉफर्ड मार्केट आणि फाउंटन घेतलं. मग कॉम्प्युटरवरच्या गुगल अर्थमधे इमेज ओव्हरले म्हणून सोय आहे, त्यात जुना नकाशा टाकायचा आणि ओढूनताणून ते तीन पॉइंट जुळवायचे. एकदम फिट्ट बसत नाही, जुना कागद ताणलेला आकसलेला असतो, पण दहावीस फुटांचा फरक चालतो. बसला की ट्रान्सपरन्सी कमीजास्त करा आणि रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू जा. तलाव खूण म्हणून घेऊ नका बरं का. धोबीतलाव, सी. पी. टँक ही नावं आहेत, पाणी केव्हाच बुजवलंय.

हे करताना एक गोष्ट हमखास दिसते ती म्हणजे आजचा एक रस्ता पूर्वी दोनतीन तुकड्यांत होता, किंवा उलटं. सरळ एका रेषेत चाललात तरी चौक ओलांडला की नाव बदलतं. त्यामुळे "अमुक रोडचं तमुक मार्ग झालं" असं यादीत वाचलं की लगेच विचारा कुठून कुठपर्यंत. नेटवरच्या जुनी नावं नवी नावं वाल्या याद्यांमधे हे कधीच नसतं, आणि त्या एकमेकींवरून कॉपी केलेल्या असतात हे तुम्हाला सारख्या चुका बघून कळेलच.

दुसरं साधन जरा रुक्ष पण सगळ्यात भरवशाचं, मिळकतीचे कागद. मुंबई शहरातलं एखादं जुनं खरेदीखत हातात आलं तर शेवटचं शेड्यूल वाचा. त्यात त्या जमिनीचा कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, लॉटन सर्व्हे नंबर, सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे, म्हणजे जमीनमोजणीचा) नंबर आणि कुठलं डिव्हिजन (फोर्ट, गिरगाव, भुलेश्वर वगैरे) हे सगळं ओळीनं असतं, शिवाय महापालिकेचा वॉर्ड नंबर आणि स्ट्रीट नंबर. उपनगरांत सी. एस. च्या जागी सी. टी. एस. नंबर. आणि त्यानंतर येते चतुःसीमा. पूर्वेस अमक्याची मिळकत, पश्चिमेस "पूर्वी हॉर्नबी रोड म्हणून ओळखला जाणारा व हल्ली दादाभाई नौरोजी रोड" अशा थाटाचं वाक्य. वकिलाला पाल्हाळाचे पैसे मिळतात त्याचा फायदा आपल्याला होतो. एकदा सी. एस. नंबर मिळाला की तुम्हाला नावाची गरजच उरत नाही, त्या नंबरावरून मागे मागे जात राहा, रस्त्याची नावं आपोआप गळून पडतात. तुमच्या स्वतःच्या घराचे कागद नसतील तर सोसायटीच्या सेक्रेटरींकडे कन्व्हेयन्सची (जमीन सोसायटीच्या नावावर केल्याच्या खताची) कॉपी असते, चहा पाजून मागा. नोंदणी विभागाच्या साईटवर इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) फुकट शोधता येतो, पण तिथं अलीकडचेच दस्त आहेत, आणि कॅप्चा तुमचा अंत पाहील.

छापील पुस्तकांत मुंबईकरांना एक सोय आहे जी फार कमी शहरांना आहे. सॅम्युअल शेपर्ड नावाच्या टाइम्सच्या संपादकानं १९१७ साली मुंबईच्या जागांच्या आणि रस्त्यांच्या नावांवरच अख्खं पुस्तक काढलं, इंग्रजीत आहे, अक्षरांनुसार लावलेलं, नेटवर स्कॅन मिळतो. मराठीत गोविंद नारायण माडगावकरांचं १८६३ चं मुंबईचं वर्णन आहे, ते तटबंदी पडायच्या आसपासचं असल्यामुळे त्यात कोट अजून कोट आहे. पुण्यासाठी ना. वि. जोशी यांचं १८६८ चं पुणे शहराचं वर्णन. आणि दोन्ही शहरांसाठी गॅझेटियर, मुंबईचं १९०९-१० चं तीन भागांत. पुण्याच्या लोकांनी तर रस्त्याआधी पेठांपासून सुरुवात करावी, शुक्रवार पेठ आधी विसापूर होती, रविवार मलकापूर, सोमवार शहापूर. वारांची नावं पेशवाईत आली, त्यामुळे त्याआधीच्या कागदात "सोमवार पेठ" शोधत बसलात तर जन्मभर सापडायची नाही.

पुस्तकात लिहिलंय म्हणून व्युत्पत्ती खरी असं मात्र नाही. भेंडी बाजार म्हणजे "बिहाइंड द बझार" चा अपभ्रंश हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. भेंडीची झाडं, म्हणजे भाजीची नव्हे, रस्त्याकडेला असते ती परसभेंडी, तिथं होती असंही सांगतात, आणि मला तेच पटतं. साहेबानं काहीतरी इंग्रजी म्हटलं आणि आपल्या लोकांनी त्याचं बोबडं मराठी केलं, अशी गोष्ट सांगायला छान असते म्हणून ती पसरते. चर्नी रोडचंही तसंच, कुणी म्हणतं गुरं चरायची म्हणून, कुणी म्हणतं ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांमुळे. दोन्ही लिहून ठेवा आणि पुढे जा. उलट काही वेळा खरी गोष्टच गंमतीची असते, केम्प्स कॉर्नर हे केम्प नावाच्या औषधाच्या दुकानावरून आलंय, गव्हर्नर नाही की जनरल नाही, केमिस्ट. आणि नेपियन सी रोडमधला नेपियन हा १८१२ ते १९ चा गव्हर्नर, फ्रेंच नेपोलियनशी त्याचा काही संबंध नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण आमच्याच घरात एकानं तसं ठासून सांगितलं होतं.

नामकरणाचा नेमका दिवस हवा असेल तर महापालिका. रस्त्याचं नाव बदलायचं तर नगरसेवक प्रस्ताव देतो, तो समितीतून सभागृहात जातो आणि ठराव होतो, म्हणजे कागद असतोच. मी आधी एका वॉर्ड ऑफिसात स्वतः गेलो, त्यांनी दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, दुसऱ्यानं तळमजल्यावर, तिथं जेवणाची सुट्टी. मग सरळ माहितीचा अधिकार वापरला आणि तुम्हीही तेच करा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो १५० शब्दांच्या आत, जास्त विषय घातलेत तर फक्त पहिल्याचंच उत्तर येऊ शकतं. "नाव का बदललं" असं विचारू नका, का ला उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही. "या रस्त्याच्या नामकरणाच्या ठरावाची साक्षांकित प्रत द्यावी" एवढंच लिहा, रस्ता कुठून कुठपर्यंत ते लिहा, जुनं आणि नवं दोन्ही नाव लिहा, वॉर्डचं अक्षर लिहा. झेरॉक्सचे पानाला २ रुपये. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. खूप जुन्या ठरावांना "अभिलेख उपलब्ध नाही" असं येऊ शकतं, तेव्हा वर्तमानपत्रांकडे वळा. त्यासाठी जायच्या जागा म्हणजे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ. जाताना ओळखपत्र, पेन्सिल (बऱ्याच ठिकाणी पेन चालत नाही) आणि पाण्याची बाटली बाहेर ठेवायची तयारी. वर्तमानपत्रांत बातमी शोधू नका, जाहिराती बघा. दुकानाचा पत्ता दर आठवड्याला छापून येतो, त्यामुळे जुनं नाव शेवटचं कधी आणि नवं पहिल्यांदा कधी हे त्यातनं जितकं बारीक निघतं तितकं कशातनंच निघत नाही.

काळा घोडा म्हटल्यावर राहवत नाही. सातव्या एडवर्डचा तो घोड्यावरचा पुतळा १९६५ ला तिथून उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, नाव हललं नाही, शेवटी २०१७ ला तिथं बिनस्वाराचा नवा घोडा आणून बसवला. तसंच ग्रँट रोड, रस्ता कधीच मौलाना शौकत अली रोड झालाय पण स्टेशन ग्रँटचंच. लॅमिंग्टन रोडला डॉ. भडकमकर मार्ग म्हणून टॅक्सीवाल्याला सोडा, तिथल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारून बघा. तेव्हा तुमच्या नोंदीत तीन रकाने करा: ठरावातलं नाव, पाटीवरचं नाव, तोंडातलं नाव. प्रत्येकाला वेगळी तारीख. आणि प्रत्येक ओळीपुढे ते कुठून कळलं ते लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच आठवणार नाही, मी सांगतो ना. सगळं झालं की ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच मिळून भरलेला नेटवरचा नकाशा) रस्त्याला जुन्या नावाचा वेगळा रकाना असतो, तिथं भरा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमचं ऑफिस? दोन नंबर होते, म्हणून एका रविवारी सकाळी, दुकानं बंद असताना, मी आणि काका बोरीबंदरला उतरून कमानीखालनं चालत गेलो. नंबर खांबांवर असतात पण सलग नसतात, मधले काही इमारती एकत्र झाल्यामुळे गायब आहेत. एका दाराशी जुना लाकडी जिना, पितळी कठडा, दुसऱ्या दाराशी लिफ्ट आणि कुरियर कंपनीचा बोर्ड. दोन्हींचे फोटो काढून आणले आणि आजीला दाखवले. तिनं चष्मा लावून पहिला बघितला, म्हणाली हेच. दुसरा बघितला, म्हणाली हो, हेच.